चौघांचं बुद्धिबळ: ‘सर्वोत्तम चाल’ म्हणजे नेमकं काय?

बुद्धिबळाचा अर्धवट खेळलेला कुठलाही डाव संगणकाला दाखवा, तो एक आकडा सांगतो. ‘अधिक १.५’ म्हणजे पांढरा साधारण दीड प्याद्याने वरचढ. ‘उणे ३’ म्हणजे काळ्याचं पारडं चांगलंच जड. एकच आकडा, पण दोघांचीही परिस्थिती त्यात येते. आता पटाला अजून दोन बाजू जोडा आणि चौघांना खेळायला बसवा. संगणकाने कुठला आकडा सांगायचा?

प्रश्न साधा आहे, उत्तर तितकं साधं नाही. आणि ते फक्त बुद्धिबळवेड्यांच्या कामाचं नाही. पेट किंवा नेट पार करून ‘आता विषय काय घेऊ?’ या टप्प्यावर आलेल्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. आपल्याकडच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘ही पद्धत दोन घटकांसाठी यशस्वी ठरली आहे, प्रस्तुत संशोधनात ती अनेक घटकांसाठी विस्तारित केली जाईल.’ वाचायला छान वाटतं. दोनाच्या जागी ‘एन’ लिहायचं, बाकी सूत्रं तीच. पण कधी कधी दोनाचे तीन झाले की उत्तर नुसतं अवघड होत नाही, प्रश्नच बदलतो. मग ‘विस्तार’ करायचा तरी कशाचा?

असं कधी होतं आणि ते आधीच कसं ओळखायचं, हे बघायला चौघांचं बुद्धिबळ फार सोयीचं आहे. गणित बेरीज-वजाबाकीपुरतंच येईल, त्यामुळे तुमचा विषय कुठलाही असला तरी चालेल.

आधी पट मांडू

चौघांनी बुद्धिबळ खेळायचं ही कल्पना नवी नाही. अल-बिरुनीने इ.स. १०३० च्या सुमारास भारताविषयी ग्रंथ लिहिला, त्यात चौघांनी फासे टाकून खेळायच्या बुद्धिबळाचं वर्णन आहे. नेहमीचाच ८ बाय ८ चा पट, प्रत्येकाकडे आठ मोहरे. त्यांतली चार प्यादी. कुठला मोहरा हलवायचा हे फाशावर ठरायचं. बंगालमधल्या रघुनंदनाच्या ‘तिथितत्त्व’ या ग्रंथातही चौघांचा असाच खेळ येतो, आणि तिथे राजा, हत्ती, घोडा यांच्या जोडीला चक्क नौका आहे.

आज संगणकावर चौघे जो खेळ खेळतात त्याचा पट वेगळा. ८ बाय ८ च्या चारही बाजूंना तीन-तीन ओळी जोडल्या की अधिकच्या चिन्हासारखा आकार तयार होतो. हिशेब सोपा आहे: १४ बाय १४ ची १९६ घरं, त्यातून चार कोपऱ्यांतली प्रत्येकी ९ घरं वजा, उरली १६०. लाल, निळा, पिवळा, हिरवा असे चार खेळाडू. प्रत्येकाकडे नेहमीचे १६ मोहरे. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पाळी. फासे नाहीत, काहीही लपवलेलं नाही.

खेळायच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीत मेंढीकोटात बसतात तसे समोरासमोरचे दोघे भिडू असतात. दुसरीत ज्याचं तो बघतो. या दुसऱ्या रीतीच्या एका प्रचलित नियमात गुण असतात: प्यादं मारलं तर १, घोडा ३, वजीर ९, एखाद्याला मात दिली तर २०. शेवटी ज्याचे गुण जास्त तो पहिला. या लेखात ‘चौघांचं बुद्धिबळ’ म्हटलं की ही ज्याची-त्याची रीत समजा. भिडूंच्या रीतीकडे शेवटी येऊ, ती फार महत्त्वाची आहे.

घरं वाढली, मोहरे वाढले, म्हणून खेळ अवघड झाला, असं पहिल्यांदा वाटतं. ते खरंही आहे. पण ती अडचण आकाराची. वेगवान संगणक, जास्त मेमरी, हुशारीने लिहिलेला प्रोग्राम यांनी ती कमी होते. आपल्याला जी अडचण बघायची आहे ती प्रकाराची आहे. ती १६० घरांत तर आहेच, पण चारच शेवट असलेल्या इवल्याशा खेळातही तशीच दिसते.

दोघांच्या खेळाखाली काय दडलंय?

एर्न्स्ट झर्मेलो या जर्मन गणितज्ञाने १९१३ मध्ये बुद्धिबळावर एक निबंध लिहिला. त्यातून निघालेली गोष्ट आज साधारण अशी सांगतात: तीनपैकी एक विधान नक्की खरं आहे. एकतर काळा काहीही खेळो, पांढरा जिंकू शकतो. किंवा पांढरा काहीही खेळो, काळा जिंकू शकतो. नाहीतर दोघेही किमान बरोबरी राखू शकतात. यांतलं कुठलं खरं, हे आजही कुणी सिद्ध केलेलं नाही. पण तीनपैकी एक खरं आहेच, म्हणजे प्रत्येक स्थितीला एक पक्की ‘किंमत’ आहे. पुढे १९२८ मध्ये जॉन फॉन नॉयमनने शून्य-बेरीज खेळांसाठी, म्हणजे एकाचा फायदा हा नेमका दुसऱ्याचा तोटा असतो अशा दोघांच्या खेळांसाठी, मिनिमॅक्सचा सिद्धान्त सिद्ध केला. क्लॉड शॅननने १९५० मध्ये संगणकाने बुद्धिबळ कसं खेळावं हे मांडलं, तेही याच कल्पनेवर.

आता जरा थांबून बघा. मिनिमॅक्स वापरताना आपण खरं तर दोन वेगळे प्रश्न विचारत असतो.

पहिला हमीचा: समोरचा काहीही खेळला, अगदी मुद्दाम माझ्या वाइटावर टपला, तरी माझ्या पदरात किमान किती पडेल?

दुसरा अंदाजाचा: समोरचा स्वतःचं भलं बघून खेळला, तर प्रत्यक्षात काय होईल?

दोघांच्या शून्य-बेरीज खेळात या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच येतं. कारण त्याचं भलं म्हणजेच माझं वाईट. तो स्वार्थी आहे की दुष्ट, याने काही फरक पडत नाही. दोन्ही स्वभावांचा माणूस तीच चाल खेळेल. म्हणून तर संगणकाला समोर कोण बसलंय हे विचारावं लागत नाही. पट पाहिला की पुरे.

दोन प्रश्नांची उत्तरं कायम एकच येत असली की आपण ते दोन प्रश्न आहेत हेच विसरतो. पाठ्यपुस्तकंही बहुतेक वेळा एकाच दमात दोन्ही सांगून मोकळी होतात. तिसरा खेळाडू आला की हा सांधा निखळतो.

तिसरा येतो तेव्हा

एक छोटा खेळ घेऊ. खेळाडू तीन: लाल, निळा, पिवळा. शेवटी एकूण १० गुण तिघांत वाटले जातात. आता लालची पाळी आहे. तो घोडा हलवू शकतो किंवा प्यादं. त्यानंतर निळ्याला दोन पर्याय, आणि खेळ संपला. चार शेवट असे:

घोडा, मग निळ्याचा पहिला पर्याय: लाल ६, निळा ३, पिवळा १
घोडा, मग निळ्याचा दुसरा पर्याय: लाल १, निळा २, पिवळा ७
प्यादं, मग निळ्याचा पहिला पर्याय: लाल ४, निळा ४, पिवळा २
प्यादं, मग निळ्याचा दुसरा पर्याय: लाल ३, निळा ३, पिवळा ४

पुढे वाचण्याआधी लालच्या जागी बसून चाल ठरवा.

हमीचा प्रश्न विचारला तर काय येतं? घोडा हलवला तर वाइटात वाईट १ गुण, प्यादं हलवलं तर वाइटात वाईट ३. म्हणून प्यादं.

अंदाजाचा प्रश्न विचारला तर? निळा स्वतःचे गुण बघणार. घोड्यानंतर तो २ सोडून ३ घेईल, म्हणजे लालला ६. प्याद्यानंतर तो ३ सोडून ४ घेईल, म्हणजे लालला ४. म्हणून घोडा.

पट तोच, नियम तेच, दोन्ही हिशेब बिनचूक. तरी उत्तरं दोन. दोघांच्या खेळात हे होऊच शकत नाही: पिवळा नसता आणि १० गुण दोघांतच वाटायचे असते, तर निळ्याने जास्त घेतलं की लालला आपोआप कमी उरलं असतं.

आता फक्त दुसरी ओळ थोडी बदलू: लाल १, निळा ३, पिवळा ६. म्हणजे लालने घोडा हलवला तर निळ्याला काहीही खेळलं तरी ३ गुणच मिळणार. त्याला दोन्ही पर्याय सारखे. पण लालला एका बाजूला ६ आणि दुसऱ्या बाजूला १! निळ्याचं स्वतःचं काहीच पणाला नाही, आणि लाल व पिवळ्याचं भवितव्य मात्र त्याच्या हातात. त्रिशंकू विधानसभेत मोजक्या जागा असलेल्या गटाला कसं महत्त्व येतं, तसंच. निळा कशावरून ठरवेल? मघाशी त्याचा हत्ती कुणी मारला यावरून, आधी कुणी त्याला सोडलं यावरून, किंवा सरळ नाणं उडवून. हे काहीही पटावर लिहिलेलं नाही. दोघांच्या खेळात निळ्याला दोन पर्याय सारखे असतील तर ते लाललाही सारखेच असतात, त्यामुळे असा प्रसंग येत नाही.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं: चौघांच्या खेळात एक आकडा पुरत नाही, चार आकडे लागतात. आणि ते चार आकडेही फक्त पटावरून ठरत नाहीत. बाकीचे तिघे कसे वागतात याबद्दल काहीतरी गृहीत धरल्याशिवाय ‘सर्वोत्तम चाल’ या शब्दांना अर्थच येत नाही.

प्रत्यक्ष खेळताना हे कसं जाणवतं?

सगळ्यात आधी मारामारीच्या हिशेबात. नेहमीच्या बुद्धिबळात राजा सोडून प्रत्येकाचं बळ ३९ धरतात: वजीर ९, दोन हत्ती १०, दोन उंट ६, दोन घोडे ६, आठ प्यादी ८. वजिराला वजीर मारला की दोघेही ३०-३० वर येतात. फिटंफाट. चौघांच्या पटावर लाल आणि निळ्याने वजिरांची मारामारी केली, तर ते दोघे ३० वर आले, आणि पिवळा-हिरवा हात न हलवता ३९ वरच. दोघांमध्ये बरोबरीचा असलेला सौदा चौघांमध्ये दोघांच्याही तोट्याचा ठरू शकतो. गुणांच्या नियमात मोहरा मारल्याचे गुण मिळतात म्हणून थोडी भरपाई होते, पण पटावर दुबळं होणं काही टळत नाही.

दुसरं, पाळीचं. तुमच्या दोन चालींच्या मध्ये तिघे खेळून जातात. एकाने शह दिला, दुसऱ्याने हत्ती मारला, आणि तुम्हाला उत्तर द्यायला एकच चाल. त्या दोघांनी ठरवून केलं असेल असंही नाही. न ठरवता घडलेली युती आणि ठरवून केलेली युती पटावर सारखीच दिसते.

तिसरं, पुढे असण्याचं. दोघांच्या खेळात वरचढ होणं नेहमीच चांगलं. चौघांत जो उघडपणे पुढे जातो, त्याला रोखण्यात बाकीच्या तिघांचाही फायदा असतो. म्हणून कधी कधी ताकद दिसू न देणं हीच चांगली चाल ठरते. दोघांच्या बुद्धिबळात या वाक्याला काही अर्थच नाही.

समतोल आहे, पण कुठला?

इथपर्यंत आल्यावर कुणीतरी नक्की म्हणेल, ‘अहो, नॅशचा समतोल काढा की!’ सूचना बरोबर आहे. जॉन नॅशने दाखवलं की खेळाडू आणि पर्याय मोजके असतील, आणि पर्यायांत ठरावीक प्रमाणात अदलाबदल करायची मुभा असेल, तर किमान एक समतोल असतोच. समतोल म्हणजे अशी स्थिती, जिथे एकट्यानेच आपली चाल बदलून कुणाचाही फायदा होत नाही. तो आहे याची खात्री आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

कोल्हापूरचा रंकाळा डोळ्यांसमोर आणा, आणि तो अगदी गोल आहे असं समजा. काठावर चार भेळवाले गाड्या लावणार आहेत. प्रत्येकाला बाकीच्यांपासून शक्य तितकं लांब राहायचंय. चौघे समान अंतरावर उभे राहिले तर तो समतोल. पण असे समतोल किती? अगणित. ही चौकट काठावरून थोडी फिरवली की नवा समतोल तयार. आता प्रत्येकाने घरी बसून आपापला समतोल काढला आणि त्यातल्या आपल्या जागेवर गाडी लावली, तर चौघांच्या जागा मिळून समतोल होईल याची काहीच शाश्वती नाही. दोन गाड्या शेजारी-शेजारीही येतील. प्रत्येकाचं गणित बरोबर, एकत्र निकाल चुकीचा.

दोघांच्या शून्य-बेरीज खेळात हा धोका नाही. समतोल अनेक असले तरी तुम्ही तुमचा कुठलाही घ्या, समोरचा त्याचा कुठलाही घेऊ दे. जोडी समतोलाचीच होते आणि खेळाची किंमतही तीच राहते.

अशाच लिंबूसरबताच्या गाड्यांचं उदाहरण नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांनी २०१९ मध्ये सहा जणांच्या पोकरवरच्या शोधनिबंधात दिलं आहे. त्यांच्या ‘प्लुरिबस’ या प्रोग्रामने नामांकित व्यावसायिक खेळाडूंना हरवलं, पण दोघांच्या खेळात मिळते तशी सैद्धान्तिक हमी त्याच्यामागे नव्हती. त्यांनी ते लपवलं नाही. समतोल गाठल्याचा दावा करण्याऐवजी ‘माणसांविरुद्ध प्रत्यक्ष खेळून काय होतं ते पाहू’ अशी कसोटी त्यांनी स्पष्टपणे निवडली. प्रश्न बदललाय हे मान्य करून नवी कसोटी ठरवणं, हाही संशोधनाचाच भाग आहे.

मग संगणकाला काय सांगायचं?

संगणकशास्त्रात यावर वेगवेगळी उत्तरं दिली गेली. त्यांपैकी तीन बघू. प्रत्येकात एक गृहीतक ठळकपणे दिसतं.

१. मॅक्स-एन. लकहार्ट आणि इराणी यांची १९८६ मधली पद्धत. गृहीतक: प्रत्येक जण फक्त स्वतःचे गुण वाढवतो. म्हणजे आपला अंदाजाचा प्रश्न. ऐकायला हीच सगळ्यात वाजवी वाटते. पण वर पाहिलं तसं, निळ्याला दोन पर्याय सारखे असले की तिचं उत्तर डळमळतं. शिवाय संगणकाला फार फांद्या तपासाव्या लागतात. दोघांच्या खेळात अल्फा-बीटा नावाची छाटणी असते: एखाद्या चालीवर समोरच्याकडे जबरदस्त उत्तर आहे हे कळलं की ती चाल पुढे तपासायचीच नाही. ‘त्याचं भलं म्हणजे माझं वाईट’ यावरच ही युक्ती उभी आहे, त्यामुळे मॅक्स-एनमध्ये ती अगदी थोडी चालते.

२. पॅरानॉइड. नावाप्रमाणेच संशयी. स्टर्टेव्हंट आणि कॉर्फ यांनी २००० मध्ये तिचा अभ्यास मांडला. गृहीतक: बाकीचे सगळे एक होऊन माझ्याविरुद्ध खेळताहेत. म्हणजे हमीचा प्रश्न. असं मानलं की खेळ पुन्हा दोन पक्षांचा होतो आणि छाटणी चालू लागते. किती फायदा होतो? समजा प्रत्येक वेळी ३० चाली शक्य आहेत आणि आपल्याला चार चाली पुढचं बघायचंय. सगळं तपासलं तर ८,१०,००० शेवट. चौघांच्या खेळात पॅरानॉइडने, सगळं मनासारखं जुळून आलं तर, सुमारे २७,०००. तीच छाटणी दोघांच्या खेळात हे काम दोन हजारांच्या आत आणते. म्हणजे फायदा आहे, पण दोघांच्या खेळाइतका नाही. तोटा असा की फार पुढचं बघायला लागलं की प्रोग्राम भित्रा होतो. तिघे मिळून मागे लागलेत असं मानल्यावर बहुतेक चाली वाईटच दिसणार!

३. बेस्ट रिप्लाय. शाड आणि विनान्ड्स यांची २०११ मधली. गृहीतक: तिघांपैकी जो मला सगळ्यात जास्त त्रास देऊ शकतो त्यानेच उत्तर द्यायचं, बाकीचे दोघे पाळी सोडतात. यात वेळ वाचतो, लांबचं दिसतं. पण खऱ्या खेळात पाळी सोडता येत नाही, त्यामुळे प्रोग्राम कधी कधी अशा स्थितींचा विचार करतो ज्या पटावर येणंच शक्य नाही.

या तिघांत ‘बरोबर’ कुठली? तुम्ही आता हा प्रश्न विचारणार नाही अशी आशा आहे. विचारायचा प्रश्न असा: ज्या खेळाडूंमध्ये मी खेळणार आहे, त्यांच्या वागण्याच्या जास्त जवळ जाणारं गृहीतक कुठलं, आणि ते चुकलं तर मला किती महागात पडेल?

चौघे बसले, तरी पक्ष दोनच

आता भिडूंची रीत. लाल आणि पिवळा एका बाजूला, निळा आणि हिरवा दुसऱ्या बाजूला. बाजू जिंकली की दोघे जिंकले. पट तोच १६० घरांचा, मोहरे तेच ६४, माणसं चार. आकाराची अडचण तसूभरही कमी झालेली नाही. पण प्रकाराची अडचण? ती गेली. पट सगळ्यांना पूर्ण दिसतो आणि भिडूंचा फायदा एकच आहे, त्यामुळे गणिताच्या दृष्टीने हे दोन हातांनी खेळणारे दोनच खेळाडू आहेत. झर्मेलोचं म्हणणं पुन्हा लागू होतं, स्थितीला पुन्हा एक किंमत मिळते, आणि सुरुवातीचा तो एक आकडा परत येतो.

हे उदाहरण नीट मनात ठेवा. इथे सिद्धान्त माणसं वाढल्यामुळे कोसळला नव्हता. हितसंबंध दोनपेक्षा जास्त झाल्यामुळे कोसळला होता. ‘चौघांचा खेळ अवघड’ आणि ‘दोनपेक्षा जास्त हितसंबंधांचा खेळ वेगळ्या प्रकारचा’ या दोन विधानांत जो फरक आहे, तोच ढोबळ निरीक्षण आणि कारणमीमांसा यांत असतो. प्रयोगशाळेत आपण जे कंट्रोल ठेवतो, तेच काम इथे भिडूंची रीत करते: बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम जातो का ते पाहायचं.

प्रयोग मांडताना

समजा तुम्ही मॅक्स-एन आणि पॅरानॉइड असे दोन प्रोग्राम लिहिले आणि कुठला सरस ते बघायचंय. दोघांच्या खेळात काम सोपं असतं: समोरासमोर बसवा, निम्म्या डावांत रंग बदला, आणि ५० टक्क्यांच्या वर कोण ते बघा. चौघांच्या पटावर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

एक, जागा. चार जागांवर दोन प्रकारचे प्रोग्राम बसवायच्या १६ तऱ्हा होतात. चारही जागांवर एकच प्रकार असलेल्या दोन वगळल्या की उरतात १४. सगळ्या खेळवा. तुमच्या आधी कोण खेळतो आणि नंतर कोण, याने फरक पडतो.

दोन, तुलनेचा पाया. एक पॅरानॉइड आणि तीन मॅक्स-एन बसवले आणि सगळे सारख्याच ताकदीचे असले, तर पॅरानॉइडने साधारण २५ टक्के डाव जिंकायला हवेत. म्हणून या मांडणीत ४० टक्के म्हणजे उत्तम कामगिरी. दोघांच्या खेळात ४० टक्के म्हणजे हार. आकडा तोच, अर्थ उलटा. तक्त्याखाली पाया लिहिला नाही तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

तीन, सोबत. ‘पॅरानॉइड सरस आहे’ हे विधान अपुरं आहे. ‘या-या प्रोग्रामांच्या सोबतीत, इतक्या चाली पुढचं बघताना, पॅरानॉइड सरस ठरला’ हे पूर्ण विधान. टेबलावरचे बाकीचे बदलले की निकाल बदलू शकतो.

तुमच्या विषयाकडे

तुमचा विषय बाजारातल्या अनेक विक्रेत्यांचा असेल, एकाच जागेसाठी झगडणाऱ्या अनेक प्रजातींचा असेल, किंवा एकाच नेटवर्कवर भांडणाऱ्या अनेक उपकरणांचा. ‘दोनावरून अनेकांवर’ असं लिहिण्याआधी कागदावर तीन गोष्टी उतरवा.

दोन घटकांचा निकाल नेमक्या कशावर उभा आहे? ‘दोन’ या संख्येवर, की दोन असल्यामुळे आपोआप मिळणाऱ्या एखाद्या गुणधर्मावर?

घटक वाढवल्यावर येणारी अडचण आकाराची आहे की प्रकाराची? आकाराची असेल तर तुमचं काम गती आणि साधनांचं आहे. प्रकाराची असेल तर आधी उत्तर म्हणजे काय याची व्याख्या करावी लागेल, आणि तेच कदाचित तुमच्या प्रबंधाचं खरं योगदान ठरेल.

घटक अनेक असूनही जुना निकाल परत मिळतो असं एखादं विशेष उदाहरण आहे का? सापडलं, तर तुमचं कारण तपासायची जागा तुम्हाला मिळाली. आणि सल्लागार समितीसमोर ‘इष्टतम म्हणजे काय?’ हा प्रश्न आला की तुमच्याकडे ठोस उत्तर असेल.

हात साफ करायला बुद्धिबळाचा मोठा पट नको. फुली-गोळ्यात तिसरं चिन्ह, म्हणजे त्रिकोण, घाला आणि पट ४ बाय ४ चा करा. सलग तीन जुळवणारा जिंकला. नियम पाच मिनिटांत लिहून होतात. मॅक्स-एन आणि पॅरानॉइड दोन्ही लिहा. आधी पट अर्धा भरलेल्या स्थिती घ्या म्हणजे साधा लॅपटॉपही पुरेल. आणि फक्त एवढं नोंदवा: कुठल्या स्थितींत दोन्ही पद्धती वेगळी चाल सुचवतात? त्या स्थिती बाजूला काढा आणि त्यांच्यात समान काय आहे ते शोधा. तिथून पुढचा प्रश्न तुम्हाला कुणी सुचवावा लागणार नाही.